सरलाकाकूंचा रविवार

आमच्या शेजारच्या सरलाकाकूंना तुम्ही काहीही विचारा. चहात साखर किती घालू? हीटर वाढवू का? आधी जेवता की मागून? उत्तर एकच. “मला काय, सगळं सारखंच.”

हे म्हणताना चेहरा इतका प्रसन्न, की समोरच्याला आपण मोठं पुण्यवान माणूस पाहिल्यासारखं वाटतं. नव्यानं ओळख झाली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पुढे लक्षात आलं, की आंब्याची फोड उचलताना काकूंचा हात आधी कोयीकडे जातो, मग कोणी बघतंय का ते बघतो, आणि मग साध्या फोडीवर येऊन थांबतो. म्हणजे सगळं सारखं नव्हतंच. फक्त सांगायचं नव्हतं.

काकू अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाकडे, राजेशकडे राहतात. सून नेत्रा माझी मैत्रीण, आणि नात अनिका ॲन आर्बरला शिकते. आमच्या दोन घरांच्या मधोमध एक मेपल आहे. दर ऑक्टोबरात त्याची पानं कोणी गोळा करायची यावरून माझा नवरा शंतनू आणि राजेश ‘मी करतो’, ‘छे छे, मी करतो’ असं भांडतात, आणि तेवढ्यात पानं वाऱ्यानं तिसऱ्याच्या अंगणात निघून जातात. हे मुद्दाम सांगितलं. पुढे उपयोगी पडेल.

तर गोष्ट सुरू झाली मार्चमध्ये, मेथी निवडताना. बाहेर घोटाभर बर्फ होतं. काकू आणि मी त्यांच्या किचन टेबलाशी बसलो होतो आणि अनिकाचा व्हिडिओ कॉल आला. कॉलेजला सुट्टी म्हणून ती मैत्रिणींबरोबर न्यू ऑर्लिन्सला गेली होती.

“आजी, लुक! लुक!” असं ओरडून तिनं फोन रस्त्याकडे फिरवला.

भर रस्त्यात बँड चालला होता. ट्रम्पेटवाले, ढोलवाले, आणि एकाच्या गळ्यात अजगराएवढं पितळी वाद्य. पुढे छत्र्या नाचवणारी माणसं, मागे अख्खी गल्ली लोटलेली. बायका, पोरं, सायकल ढकलत चाललेले म्हातारे. उन्हात सगळं पितळ लखलखत होतं आणि आवाज तर फोनमध्ये मावत नव्हता.

काकूंच्या हातातली मेथी हातातच राहिली. “लग्न कोणाचं आहे गं?”

“नो, आजी. संडे आहे. ते संडेला असंच करतात. स्प्रिंगमध्ये, फॉलमध्ये, ऑल्मोस्ट एव्हरी संडे.”

“मग मागे चाललेत ते कोण? पाहुणे?”

“कोणीही! एनीबडी कॅन वॉक.”

“बोलवावं लागत नाही?”

“नो!”

“बायका पण?”

अनिका हसायला लागली. “आजी, मी पण चालतेय ना!”

कॉल संपला. काकूंनी देठं भाजीत टाकली आणि पानं कचऱ्यात. मी नुसती दोन्ही भांड्यांची अदलाबदल केली.

बर्फ वितळल्यावर आम्ही दोघी संध्याकाळी तळ्याभोवती फिरायला जायला लागलो, आणि तिथे एकदा काकू आपण होऊन बोलल्या. त्यांचे वडील, अण्णा, मिरजेत बँडवाले होते. लग्नाच्या वरातीत वाजवायचा तो बँड. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे.

“गोंडे मी शिवायचे,” काकू म्हणाल्या. “हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे कोट आमच्या घरी. मी आणि माझी बहीण, शिवून शिवून बोटं दुखायची. मग संध्याकाळी ती मंडळी वाजवत निघाली की आम्ही खिडकीत. गोंडे शिवायला मुली आणि मागे चालायला मुलगे. कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसायचे. मग नुसता आवाज. मग तोही नाही.”

“आणि तुमच्या लग्नात?”

“तीच तर गंमत!” काकू थांबल्या. “माझा मुहूर्त निघाला आणि अण्णांनी तीच तारीख जयसिंगपूरच्या पार्टीला आधीच देऊन ठेवलेली. दिलेली तारीख मोडायची नाही, हा त्यांचा नेम. सकाळी माझ्यावर अक्षता टाकल्या आणि दुपारच्या गाडीनं सगळा बँड घेऊन गेले. माझ्या वरातीला लाउडस्पीकर! बँडवाल्याची मुलगी, आणि वरातीला लाउडस्पीकर. अख्खी मिरज हसली.”

काकूही हसल्या. मग चालता चालता म्हणाल्या, “सासरी तर बरंच झालं म्हणाले. मास्तरांचं घर. सासऱ्यांनी सांगूनच टाकलं, व्याही काय करतात विचारलं तर ‘संगीत’ म्हणायचं. राजेशलाही तेवढंच ठाऊक आहे, आजोबा संगीत शिकवायचे.”

तळ्याची एक फेरी पूर्ण झाली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “प्रीता, त्या अनिकाच्या बँडच्या मागे एकदा चालावं असं वाटतं गं. कोपऱ्यावरून वळावं त्यांच्याबरोबर. पुढे काय असतं ते बघावं.” आणि लगेच, “पण तू बोलायचं नाहीस हं कुणाला. त्यांना वाटेल, म्हातारीला डोहाळे लागले.”

आता अशी गोष्ट पोटात ठेवून कोण गप्प बसेल? मी बसले. पण गप्प बसून जेवढं करता येतं तेवढं केलं.

राजेशला त्या सुमारास आरव्हीचं वेड लागलं होतं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, फ्रिज, पलंग, बाथरूम, सगळं. हिवाळाभर त्यानं त्याचे व्हिडिओ बघितले होते. वेडाला कारणही चांगलं होतं. काकूंचे कान विमानात भयंकर दुखतात, आणि कारनं जावं तर ब्लड प्रेशरच्या गोळीमुळे तासातासाला बाथरूम शोधावं लागतं. “आरव्हीत आईचं बाथरूम आईबरोबर,” तो म्हणायचा. “मग तिला अख्खी अमेरिका दाखवतो.” मुलगा गुणाचा आहे. फक्त कुठली अमेरिका, हे आईला विचारायचं त्याला सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी उत्तर आपल्याला माहीतच आहे.

“यलोस्टोन?” एका शनिवारी चहाला त्यानं विचारलं.

“गरम पाण्याचे झरे वज्रेश्वरीला पण आहेत,” मी म्हटलं. “न्यू ऑर्लिन्स का नाही? अनिकाला किती आवडलं.”

“तिथे सगळं पिणं आणि नाचणं. आईला काय करायचंय तिथे?”

“आईंनाच विचार,” नेत्रा म्हणाली.

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं क्षणभर थांबलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “मला काय,” त्या म्हणाल्या, “सगळं सारखंच.”

शेवटी अनिकानं फोनवरून हट्ट धरला म्हणून न्यू ऑर्लिन्स ठरलं. ऑक्टोबरात तिला कॉलेजला छोटी सुट्टी असते, तेव्हा. राजेशनं ऑनलाइन आरव्ही बुक केली. वर ठळक लिहिलं होतं, आठ जणांची झोपायची सोय.

आणि इथे आम्ही सगळ्यांनी मिळून ती चूक केली, जी मराठी माणसाशिवाय कोणी करणार नाही. आठ जण झोपतात म्हणजे आठ जण मावतात! लग्नघरात आपण दुसरं काय मोजतो? अंथरूण पडलं की माणूस मावला. घरचे चार, उरले चार. म्हणजे ते रिकामे जाणार? राजेशनं आम्हाला म्हटलं, “तुम्ही पण चला ना यार.” शंतनूला गाडीत पुस्तक उघडलं तरी मळमळतं, पण इतक्या प्रेमानं बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो हो म्हणाला. मग राजेशनं डब्लिनला, म्हणजे अमेरिकेतल्याच, सहा तासांवरच्या डब्लिनला फोन लावला. तिथे त्याचा कॉलेजातला मित्र गुरुदत्त राहतो, नागपूरचा. “तू आणि सुवर्णा पण या.” गुरुदत्तला इतका आनंद झाला, की आरव्हीच्या मैलापाण्याची टाकी रोज रिकामी करायचं काम त्यानं फोनवरच स्वतःकडे घेतलं. ते काम कोणालाच नको होतं, त्यामुळे गुरुदत्तबद्दल सगळ्यांना फार आपलेपणा वाटायला लागला.

उन्हाळाभर बेत शिजला. नेत्रानं आणि मी भाजणी, मेतकूट, भडंग असं सगळं ठरवलं. कुकर छोटा न्यायचा की मोठा, यावर दोन संध्याकाळी गेल्या. आरव्हीत फोडणी केली तर धुराचा अलार्म वाजेल का, हे बघायला राजेशनं आमच्या घरातल्या अलार्मखाली मोहरी तडतडवली. वाजला. शंतनू म्हणाला, “तिथे आपण फोडणी दार उघडून करू,” आणि नेत्रानं विचारलं, “हायवेवर?”

काकू या सगळ्यात कुठेच नव्हत्या. फक्त आमच्या संध्याकाळच्या फेऱ्या वाढल्या. आधी तळ्याला एक, मग दोन. जुन्या चपला जाऊन नवे पांढरे बूट आले. नेत्राला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

सप्टेंबरात आम्ही प्रत्यक्ष आरव्ही बघायला गेलो. भाड्यानं देणारा डेल नावाचा एक गोरापान, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. त्यानं पलंग उघडून दाखवले, टेबलाचा पलंग करून दाखवला. मग सहज विचारलं, किती जण? राजेश ऐटीत म्हणाला, आठ.

डेलनं दाढी खाजवली. सीटबेल्ट सहाच आहेत, म्हणाला. आठ झोपतात, पण प्रवास सहांचा.

“मग दोघं मागे पलंगावर आडवे होऊन येतील,” शंतनूनं मराठीतच सुचवलं. राजेशनं ते इंग्रजीत विचारलं. डेलनं आमच्याकडे असं बघितलं, जसं आम्ही दोघांना टपावर बांधायची परवानगी मागितली होती. मोठी आरव्ही त्या आठवड्यात शिल्लक नव्हती.

घरी येताना राजेश गाडीत पुन्हा पुन्हा माणसं मोजत होता. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

त्याच संध्याकाळी नेत्राकडे सगळे जमलो. टेबलावर लॅपटॉप, त्यात अनिका. शेजारी राजेशचा फोन स्पीकरवर, त्यात गुरुदत्त. राजेशनं परिस्थिती सांगितली आणि म्हणाला, “बघू, काहीतरी करू.”

पहिल्यांदा काकूच बोलल्या, चहा ओतता ओतता. “त्यात काय एवढं? मी राहते घरी. एकटी राहीन नाहीतर त्या देशपांडे मावशींना बोलवीन सोबतीला. तुम्ही तरुण मंडळी जा.”

“छे छे, आई!” राजेश म्हणाला. “तू नाही तर काय मजा?” म्हणाला खरा, पण तो ‘तुला दगदगच होईल’ कडे वळायला लागलाय हे मला त्याच्या स्वरात ऐकू आलं. काकूंनी स्वतःच त्याला तो रस्ता काढून दिला होता. मला राहवेना.

“आम्ही दोघं नाही येत,” मी म्हटलं. शंतनूनं इतक्या चटकन मान हलवली की मला रागच आला.

“वा! आधी बोलावून मग उतरवायचं?” नेत्रा म्हणाली. “त्यापेक्षा मीच राहते आईंजवळ.”

“अरे बाप्पा, वहिनी, तुम्ही कशाला?” फोनमधून गुरुदत्त ओरडला. “आम्ही ड्रॉप होतो न! आमचं काय, आम्ही दिवाळीत येऊ तुमच्याकडे.”

“तू ड्रॉप झालास तर टाकी कोण करणार?” राजेशच्या तोंडून निघून गेलं. मग सावरून, “म्हणजे, तुझ्याशिवाय जाण्यात अर्थ नाही रे.”

अर्धा तास हे चाललं. मेपलची पानं आठवतात ना? तसंच. प्रत्येक जण दुसऱ्याला जागा देत होता आणि आरव्ही हळूहळू रिकामी होत होती. शेवटी हिशेब केला तर जायला फक्त अनिका उरली होती, आणि तिला ती गाडी चालवायला कोणी दिली नसती.

“कॅन्सल करतो,” राजेश म्हणाला. रागावला नव्हता, दमला होता. त्यानं खरंच लॅपटॉप स्वतःकडे ओढला. अनिकाचा चेहरा बाजूला सरकवून बुकिंगचं पान उघडलं.

काकूंनी रिकामे कप ट्रेमध्ये भरून ट्रे उचलला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पांढऱ्या बुटांकडे बघत होत्या. दाराशी ठेवलेले, उन्हाळाभरात बाहेरच्या कडेला झिजलेले.

“वेट, बाबा,” कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनातून अनिका म्हणाली. “डिड एनीबडी आस्क आजी? आजी, तुला जायचंय? येस ऑर नो?”

“अगं, मला काय—”

“नो, आजी. ते नाही. येस ऑर नो.”

काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. पदर सारखा केला. मला वाटलं, आत निघून जातील.

“जायचंय,” त्या म्हणाल्या.

राजेशचा हात की-बोर्डवरून उचलला गेला.

“मला जायचंय,” काकू परत म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्यानं, स्वतःचा आवाज तपासून बघितल्यासारख्या. “तिथे रविवारी बँड निघतो. त्याच्या मागे मला चालायचंय. तुझे आजोबा संगीत शिकवत नव्हते, राजेश. लग्नात बँड वाजवायचे. लाल कोट घालून, भर रस्त्यात. चांगला वाजवायचे. आणि मी एकदाही त्यांच्या मागे चाललेली नाही.”

राजेश आईकडे बघतच राहिला. मग त्यानं फार शहाणपणाचा प्रश्न विचारला. “काय वाजवायचे, आई?”

“क्लॅरिनेट.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं,” काकू म्हणाल्या. नेत्रा उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

पण काकूंचं संपलं नव्हतं. धरण फुटलं की आधी थोडंसंच पाणी येतं, तसं ते होतं.

“गुरुदत्त!” त्यांनी फोनला हाक मारली.

“जी, काकू!”

“तू डब्लिनहून निघणार, सहा तास गाडी हाकत इकडे येणार, आणि मग आमच्याबरोबर खाली दक्षिणेला जाणार. तुला तिथून सरळ खाली जाता येत नाही?”

फोनमध्ये लांबून सुवर्णाचा आवाज, “मी जूनपासून हेच सांगून राहिले!”

“येतं न, काकू,” गुरुदत्त म्हणाला. “सरळच येतं. पण म्हटलं, वेगळं येतो म्हणालो तर राजेशला वाईट वाटेल.”

“अरे, मी म्हणणार होतो वेगळा ये,” राजेश म्हणाला, “पण म्हटलं तुला वाईट वाटेल.”

“कोणाला काही वाईट वाटत नाही,” काकूंनी निकाल दिला. “तुम्ही तुमच्या गाडीनं या, तिथे भेटा. आम्ही घरचे चार, प्रीता आणि शंतनू, सहा झाले. शंतनूला ड्रायव्हरशेजारी बसवा, त्याला मागे मळमळतं. खिडकीजवळची जागा माझी.”

शंतनूला मळमळतं हे काकूंना ठाऊक आहे, हे ऐकून तो ओशाळला. मी मनात म्हटलं, ही बाई इतकी वर्षं सगळ्यांचं बघत होती, फक्त स्वतःचं सोडून.

“पण मग टाकी?” राजेशनं क्षीण आवाजात विचारलं. “गुरुदत्त तर आता...”

“टाकी तू करायचीस,” काकू म्हणाल्या. “तू लहान होतास तेव्हा तुझं सगळं मी केलंय. तेव्हा हातमोजेही नव्हते.”

लॅपटॉपच्या कोपऱ्यात अनिका इतकी हसली की दिसेनाशीच झाली.

त्या संध्याकाळनंतर नेत्राच्या घरात थोडी पंचाईत झाली, ती अजून चालू आहे. काकू आता सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रानं चहा दिला, तर त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “साखर जरा जास्त होते गं तुझी.”

“आई, लग्न झाल्यापासून एवढीच घालतेय!”

“हो. तेव्हापासूनच जास्त होते.”

नेत्रानं हे मला फोन करून सांगितलं. चिडली होती, पण सांगता सांगता हसायलाही लागली. पुढच्या आंब्याच्या मोसमात कोय कोणाची, हे मी आताच सांगू शकते.

ऑक्टोबरात आम्ही निघालो. सकाळी गारठा होता, मेपल लालबुंद. त्याची पानं राजेश आणि शंतनू दोघांनीही गोळा केली नव्हती, प्रवासाला निघायचंय या सबबीवर. आरव्ही आमच्या गल्लीत वळताना तिसऱ्या घरची टपालपेटी थोडक्यात वाचली. नेत्राचा मोठाच कुकर आत होता, भडंगाचे डबे होते, अलार्मखाली फोडणी करायची नाही अशी तंबी होती. अनिका आदल्या दिवशीच येऊन थांबली होती. तिनं आजीचा पट्टा लावून दिला.

काकू खिडकीजवळ बसल्या. पांढरे बूट, त्यावर साधी सुती साडी, वर अनिकाचं निळं जॅकेट. पर्स मांडीवर. पर्सच्या कडेवर त्यांची बोटं एकामागून एक उठत होती आणि बसत होती, जशी क्लॅरिनेटच्या भोकांवर वाजवणाऱ्याची बोटं. मी बघतेय हे बघून त्यांनी हात झाकून घेतला. मग विचार बदलला असावा, कारण पुन्हा उघडा ठेवला.

राजेशनं आरशातून मागे बघितलं. “आई, वाटेत मेम्फिसला थांबू या का? एक रात्र जास्त? तुझ्या पायांना आराम. तुला कसं हवंय?”

पूर्वीचं उत्तर आम्हा सगळ्यांच्या ओठांवर तयार होतं. शंतनूनं तर माझ्याकडे वळून डोळाही मारला.

“शुक्रवार कुठेही काढ, शनिवार कुठेही काढ,” काकू म्हणाल्या. “पण राजेश, रविवारी दुपारी मी त्या रस्त्यावर पाहिजे. दिलेली तारीख आहे ती.”

“मेम्फिस कॅन्सल,” राजेश म्हणाला आणि गाडी सुरू केली.